इम्प्लांटवरचा लेप हाडाला काय सांगतो?

आजचा भाग हाडांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त हाडात बसवलेल्या धातूबद्दल. बाईकवरून पडलेल्या मित्राच्या पायातला रॉड, आजीचा बदललेला गुडघा, मामाच्या जबड्यात स्क्रूवर बसवलेला दात. असं काहीतरी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहेच. आणि हल्ली दवाखान्यात एक शब्द हमखास कानावर पडतो : ‘कोटेड’. साधं घ्यायचं की कोटेड? कोटेडचे पैसे जास्त. मग घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, महाग आहे म्हणजे चांगलंच असणार.

तर आज आपण हेच बघणार आहोत. धातूवरचा हा लेप हाडाच्या पेशींसाठी नेमकं काय करतो आणि काय करत नाही.

सुरुवात एका खऱ्या घटनेपासून करू. डिसेंबर २०००, अमेरिका. सुल्झर ऑर्थोपेडिक्स नावाच्या कंपनीने खुब्याच्या सांध्यात बसवायच्या धातूच्या वाट्या परत मागवल्या. या वाट्या सिमेंटशिवाय बसवायच्या होत्या. म्हणजे वाटीच्या बाहेरचा भाग मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला, तिथे हाड वाढून वाटी घट्ट होणार, अशी योजना. धातू ठीक होता, आकार ठीक होता. पण कारखान्यातल्या यंत्राच्या वंगणाचा, तेलाचा, अगदी थोडासा अंश काही वाट्यांच्या पृष्ठभागावर राहून गेला होता. तेवढ्यामुळे हाड वाटीला धरेना. माणसं चालायला लागायची आणि मांडीत कळ यायची, कारण आत वाटी सैल. हजारो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली आणि नुकसानभरपाईचा आकडा सुमारे १ अब्ज डॉलरपर्यंत गेला.

डोळ्यांना नीट दिसतही नाही इतक्या तेलाने एवढं झालं. याचं कारण समजलं की लेपाचं सगळं गणित समजतं. हाडाच्या पेशीला तुमचं इम्प्लांट किती किलो वजन पेलतं, कुठल्या देशात बनलं, यातलं काही कळत नाही. तिला कळतो तो फक्त वरचा थर.

आता जरा मागे जाऊ. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी चौकट बसवून आतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून बघत होते. प्रयोग संपल्यावर चौकट काढायला गेले तर ती निघेचना. हाड धातूला घट्ट चिकटून वाढलं होतं. त्या काळी सर्वसाधारण समज असा की, शरीर धातूला परका मानतं आणि त्याच्याभोवती मऊ, तंतूंचा पडदा तयार करतं. इथे तर मध्ये पडदाच नव्हता. पुढे १९६५ मध्ये गोथेनबर्गला योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे ४० वर्षांहून जास्त काळ ते स्क्रू कामात होते.

आणि गंमत बघा, त्या स्क्रूंवर आजच्यासारखा कुठलाही खास लेप नव्हता. लेथवर कातलेलं साधं टायटॅनियम. अगदी उघडंही नाही म्हणा, कारण टायटॅनियम हवेत आलं की क्षणात स्वतःवर ऑक्साइडचा थर चढवून घेतं. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लोखंडावरचा गंज पापुद्रे काढत सुटतो, तसा हा सुटत नाही. तो धातूला गच्च धरून बसतो आणि आतला धातू शरीरात विरघळू देत नाही. म्हणजे हाड चिकटतं ते या ऑक्साइडला.

मग लेपाची गरज का पडली? वेळेमुळे. कातलेल्या स्क्रूवर दात बसवायच्या आधी ३ ते ६ महिने थांबावं लागायचं. आणि ज्यांचं हाड पोकळ, ठिसूळ झालंय, त्यांच्यात हाड धरण्याची खात्री कमी. म्हणून संशोधकांनी प्रश्न विचारला : पृष्ठभाग बदलला तर पेशी लवकर कामाला लागतील का?

आता हाडात स्क्रू गेला की पहिल्या काही मिनिटांत काय होतं ते बघू. तुम्ही कधी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आहे? इथे अगदी तोच प्रकार. धातूला रक्त लागलं की सगळ्यात आधी पेशी येत नाहीत. आधी रक्तातली प्रथिनं येतात आणि काही सेकंदांत पृष्ठभागावर आपापली जागा धरतात. फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशी त्यांची नावं. पेशी नंतर येते. तिच्या अंगावर इंटेग्रिन नावाचे रेणू असतात. त्यांना हात समजा. ती या हातांनी प्रथिनांना धरते, धातूला नाही. प्रथिनं नीट पसरून बसली असतील तर पेशीला चांगली पकड मिळते, ती पसरते आणि तिच्या आत ‘आता हाड बनवायचं’ असा निरोप जातो. प्रथिनं चुकीच्या पद्धतीने बसली किंवा मध्ये तेलाचा थर असला, तर हात धरायला काही मिळत नाही. मग तिथे हाडाऐवजी तंतूंचा पडदा तयार होतो.

तेलच कशाला, नुसती हवासुद्धा पुरते. टायटॅनियम पाकिटात महिनोन्‌महिने पडून राहिलं की हवेतले कार्बनचे रेणू त्यावर जमतात. ताज्या पृष्ठभागावर पाणी पसरतं, जुन्यावर अळूच्या पानासारखे थेंब होतात. म्हणून दाताची काही इम्प्लांट्स आता मिठाच्या पाण्यात बुडवून सीलबंद येतात. काही ठिकाणी वापरण्याआधी अतिनील किरणांखाली ठेवतात. उद्देश एकच : पृष्ठभाग पाण्याला, म्हणजेच रक्ताला, जवळ करणारा राहावा.

पुढची पायरी खरबरीतपणाची. गवंडी गुळगुळीत काँक्रीटवर थेट प्लास्टर मारत नाही. आधी छिन्नीने ठोके मारून ते खरबरीत करतो. इम्प्लांटचंही तसंच. धातूवर जोराने कठीण कण मारतात, मग आम्लाने खोदतात. त्यातून एखाद-दोन मायक्रॉन उंचीचे डोंगर-दऱ्या तयार होतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो, तर हाड घडवणारी पेशी २०-३० मायक्रॉनची. म्हणजे तिच्या दृष्टीने हे खडबडीत माळरान झालं. अशा पृष्ठभागावर हाड लवकर धरतं. दातांच्या काही इम्प्लांट्समध्ये वाट बघण्याचा काळ १२ आठवड्यांवरून ६ आठवड्यांवर आला, तो यामुळेच.

पण इथे एक गोष्ट आहे जी जाहिरातीत सांगत नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकेत बार्बरा बोयान, झ्वी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडाच्या पेशींसारख्या पेशी गुळगुळीत आणि खरबरीत टायटॅनियमवर वाढवल्या. तुम्हाला काय वाटतं, जास्त पेशी कुठे झाल्या? खरबरीतवर? नाही. खरबरीतवर पेशींची संख्या कमी भरली! पण त्या कमी पेशी हाड बनवायच्या कामात पुढे होत्या. हाड बनताना जी विशिष्ट प्रथिनं तयार होतात, ती त्यांच्यात जास्त मिळाली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पेशी एकतर आपल्यासारख्या आणखी पेशी तयार करत बसते, नाहीतर पक्की होऊन कामाला लागते. दोन्ही एकदम जोरात होत नाही. पोरं वाढवायची की शेत कसायचं, असा हा प्रश्न. त्यामुळे कुणी तुम्हाला रंगीत आलेख दाखवून म्हणालं, ‘आमच्या कोटिंगवर दुप्पट पेशी वाढतात’, तर लगेच माना डोलावू नका. दुप्पट पेशी म्हणजे दुप्पट हाड नव्हे. शिवाय तो प्रयोग प्लास्टिकच्या बशीतला असतो. त्या बशीत रक्त नसतं, वजन नसतं, प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात. अशा बऱ्याच प्रयोगांत वापरली जाणारी एमजी-६३ ही पेशी तर मुळात हाडाच्या कॅन्सरमधून घेतलेली आहे. प्रयोग निरुपयोगी नाहीत, पण बशीपासून माणसाच्या मांडीपर्यंतचा रस्ता लांब आहे.

आता याहून बारीक पातळीवर जाऊ, नॅनो. २००७ मध्ये ग्लासगोच्या मॅथ्यू डॅल्बी यांच्या गटाने प्लास्टिकवर १२० नॅनोमीटर रुंद आणि १०० नॅनोमीटर खोल असे खळगे पाडले. खळगे अगदी ओळीत असले तर मूळ पेशी फारशा हाडाकडे वळल्या नाहीत. पण तेच खळगे जरासे, ५० नॅनोमीटरपर्यंत, इकडेतिकडे सरकवले, तर पेशी हाडाचं खनिज बनवायला लागल्या. त्यासाठी कुठलंही औषध द्यावं लागलं नाही. फक्त जमिनीची रचना बदलली.

ऐकायला जादू वाटते. पण त्याच काळात टायटॅनियमवर उभ्या नॅनोनळ्यांचं जंगल उगवून प्रयोग झाले. जर्मनीतल्या एका गटाला १५ नॅनोमीटरच्या नळ्या पेशींसाठी सर्वांत चांगल्या दिसल्या आणि १०० नॅनोमीटरवर पेशी मरताना दिसल्या. अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाला ७० ते १०० नॅनोमीटरच्या नळ्यांवर मूळ पेशी हाडाकडे वळताना दिसल्या. पेशी कुठून आणल्या, नळ्या कशा बनवल्या, त्या आधी कशा निर्जंतुक केल्या, या सगळ्याने उत्तर बदलतं. म्हणून ‘नॅनो’ हा शब्द ऐकून खिशात हात घालायची घाई करू नका.

आता सगळ्यात गाजलेल्या लेपाकडे येऊ : हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. नाव अवघड आहे, पण वस्तू आपल्याच घरातली. कॅल्शियम आणि फॉस्फेटचं हे खनिज. आपल्या हाडात खनिजाचा जो मोठा वाटा असतो, तो साधारण याच जातीचा. कल्पना सोपी होती : धातूवर हाडाचंच खनिज लावलं तर हाडाला ते आपलं वाटेल. १९८५ मध्ये लंडनचे सर्जन रोनाल्ड फरलाँग यांनी असा लेप दिलेला खुबा माणसात बसवला.

लेप लावायची पद्धत बघण्यासारखी आहे. प्लाझ्माच्या ज्योतीचं तापमान १०,००० अंशांच्या पुढे जातं. त्यात खनिजाची पूड सोडतात. कण अर्धवट वितळून धातूवर आदळतात आणि भिंतीवर गोवरी थापावी तसे चपटे होऊन बसतात. एकावर एक असे थर साचून साधारण ५० ते १५० मायक्रॉनचा लेप तयार होतो.

याचा फायदा खरा आहे. डेन्मार्कमधल्या सोबाले यांच्या प्रयोगांत कुत्र्यांच्या हाडात इम्प्लांट थोडं सैल बसवलं, तरी मधली फट लेपाच्या बाजूला हाडाने जास्त भरून आली. लेपातून थोडं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटतं, पृष्ठभागावर नवं खनिज जमतं आणि पेशींना ओळखीची जमीन मिळते.

पण त्याच प्रयोगांनी मर्यादाही दाखवली. इम्प्लांट प्रत्येक पावलाला सुमारे १५० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढं, हलत राहिलं तर लेप असूनही सुरुवातीला हाडाऐवजी तंतूंचा पडदाच तयार झाला. पुढे हालचाल थांबवल्यावर लेपाच्या इम्प्लांटभोवती तो पडदा हळूहळू हाडात बदलला. म्हणजे लेप मदत करतो, पण सर्जनने इम्प्लांट घट्ट बसवणं आणि तुम्ही सांगितलेले दिवस त्या पायावर भार न टाकणं, याला तो पर्याय नाही.

दुसरी अडचण लेपाचीच. इतक्या उष्णतेत खनिजाचा काही भाग बिघडतो आणि शरीरात भराभर विरघळतो. लेप आणि धातू यांच्यातला जोड हा बहुतेक वेळा कच्चा दुवा असतो. हाड लेपाला छान धरतं आणि लेपच धातूपासून सुटतो, असंही होतं. दातांच्या इम्प्लांट्समध्ये हा जाड लेप १९९० नंतर मागे पडला, त्यात या सुटण्याचा मोठा वाटा आहे.

मग माणसांत शेवटी काय दिसलं? स्वीडनमध्ये बदललेल्या प्रत्येक खुब्याची नोंद ठेवायची पद्धत आहे. २०११ मध्ये तिथल्या ४,७७२ खुब्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मांडीत बसवायचा एकाच प्रकारचा दांडा, काहींवर लेप, काहींवर नाही. किती टिकला यात फरक दिसला नाही. त्याआधी २०१० मध्ये त्याच संशोधकांनी वाट्यांचा अभ्यास केला होता. त्यात लेप असलेल्या वाट्या उलट जास्त वेळा बदलाव्या लागल्या होत्या. दुसरीकडे, पूर्ण लेप दिलेले काही दांडे १९८० च्या दशकापासून वापरात आहेत आणि उत्तम टिकलेत. म्हणजे ‘लेप आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कुठल्या इम्प्लांटवर, कुठल्या हाडात, कुठल्या कामासाठी, यावर ठरतं.

आणखी एक गिऱ्हाईक आहे जे याच जागेसाठी टपलेलं असतं : जंतू. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं. आधी हाडाच्या पेशींनी जागा धरली तर इम्प्लांट वाचतं. जंतूंनी आधी धरली तर ते स्वतःभोवती चिकट थर बनवतात आणि मग अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. इथे कोटिंगची कोंडी होते. खरबरीत जमीन पेशींना आवडते, तशी जंतूंनाही आवडते. म्हणून दातांच्या काही इम्प्लांट्सचा हिरडीजवळचा भाग मुद्दाम गुळगुळीत ठेवतात. चांदीचा लेप जंतू मारतो, पण प्रमाण जास्त झालं तर हाडाच्या पेशींनाही बाधतो.

आता दोन गोष्टी आपल्या रोजच्या आयुष्यातल्या.

पहिली, अपघातानंतरचे रॉड आणि प्लेट. कमी वयात बसवलेली प्लेट बऱ्याचदा पुढे काढायची असते. तिथे हाडाने धातूला कवटाळणं ही मदत नाही, अडचण आहे. हाड चढलं की प्लेट आणि स्क्रू काढताना सर्जनला झगडावं लागतं. म्हणून अशा ठिकाणी गुळगुळीत पृष्ठभाग चांगला.

दुसरी, ‘सोनेरी गुडघा’. याच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. त्यात सोनं नसतं. तो पिवळा रंग टायटॅनियम नायट्राइड किंवा तत्सम कठीण लेपाचा. सांध्याची झीज कमी व्हावी आणि निकेल, कोबाल्टसारख्या धातूंचे अंश शरीरात कमी जावेत, यासाठी तो असतो. हाड लवकर वाढावं म्हणून नाही. शिवाय बहुतेक गुडघे आजही हाडाच्या सिमेंटने बसवतात. सिमेंट मध्ये असेल तर हाड धातूला शिवतच नाही.

तर मंडळी, उद्या घरात कुणासाठी ‘साधं की कोटेड’ असा प्रश्न आला, तर डॉक्टरांना शांतपणे चार गोष्टी विचारा. हा लेप कशासाठी आहे : हाड धरण्यासाठी, झीज कमी करण्यासाठी की जंतूंसाठी? इम्प्लांट सिमेंटने बसवणार की सिमेंटशिवाय? ते पुढे काढायचं आहे का? आणि याच मॉडेलचा माणसांमधला १० वर्षांचा अनुभव काय आहे? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या पाकिटावरच्या स्टिकरची प्रत मागून घ्या. त्यावर मॉडेल आणि लॉट नंबर असतो. सुल्झरसारखं काही झालं तर आपल्या शरीरात नेमकं काय आहे, हे त्यावरूनच कळतं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तरी चालेल.

आणि हो, सिगारेट. ओढणाऱ्यांमध्ये दातांची इम्प्लांट्स निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं. साखर आटोक्यात नसेल तर हाड भरायला वेळ लागतो. पहिल्या काही आठवड्यांत सर्जनने दिलेली घट्ट पकड हळूहळू कमी होत असते आणि नवं हाड अजून पुरतं आलेलं नसतं. सगळ्यात नाजूक काळ तोच. लेपाचा खरा उपयोग या दिवसांत होतो. पण त्याच दिवसांत तुम्ही रोज पाकीट संपवत असाल किंवा वॉकर फेकून जिना चढत असाल, तर महागातला महाग लेपसुद्धा तुम्हाला वाचवू शकत नाही.

हा भाग आजी-आजोबांनाही ऐकवा, आणि ज्यांच्या पायात रॉड आहे त्या मित्राला तर नक्की पाठवा. काही विचारायचं असेल तर लिहून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत हेल्मेट घाला, जपून चालवा. भेटू!